काळीतलं चाक

वऱ्हाडातल्या बैलगाडीचं वर्ष आठ महिन्यांचं असायचं. दिवाळीच्या आगेमागे शेताकडे जाणारी पांदण वाळली की गाड्या निघत. मृगाचा पाऊस अंगावर आला की गाडी छपराखाली ओढली जाई आणि पुढचे चार महिने माल बैलाच्या पाठीवर किंवा माणसाच्या डोक्यावर जाई. आमच्या घराच्या तीन पिढ्या लोणारमध्ये चाकावर जगल्या. आबा, म्हणजे आजोबा, सुतार, गाडीची चाकं घडवणारे. दादांनी, म्हणजे वडिलांनी, आधी वाकस धरला आणि मग टायर. माझं मेहकर रस्त्याला टायरचं दुकान आहे. या मुलखात चाक कसकसं बदललं आणि बदलाचा खर्च दर वेळी कोणाच्या खिशातून गेला, हे लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

सुरुवात मातीपासून करावी लागेल. लोणारचं सरोवर पाहायला येणारा माणूस विवराच्या काठावर उभा राहतो तेव्हा त्याच्या पायाखाली काळा पाषाण असतो, बेसाल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक बसत गेले आणि दख्खनचं पठार झालं. त्या पाषाणात पुढे उल्केच्या आघाताने सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं हे विवर पडलं. हाच बेसाल्ट झिजून आमची काळी झाली. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसात भेगा मिटतात आणि खरी अडचण सुरू होते. चाकाचा पहिला वेढा नीट होतो, दुसऱ्या वेढ्याला माती आऱ्यांपर्यंत चढते, तिसऱ्याला चाक फिरायचं सोडून घसटायला लागतं. बैल जोर लावतात, पण तेव्हा ते गाडी ओढत नसतात, नांगर ओढत असतात. काळीखाली कुठे हातभर, कुठे पुरुषभर किंवा त्याहूनही जास्त खोलीवर मुरूम लागतो. गाडीवानाचं सगळं शहाणपण तो मुरूम कुठे वर आहे आणि कुठे खाली, हे ओळखण्यात होतं.

म्हणूनच या भागात फार काळ गाडीपेक्षा बैलाची पाठ मोठी होती. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त, म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस, लोणारची नोंद आहे, आणि काच व साबण बनवायला लागणारा माल इथे मिळतो असं त्यात म्हटलं आहे. तो माल म्हणजे सरोवराचा खार. उन्हाळ्यात पाणी आटलं की काठाला आणि तळाशी खार धरायचा. दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशा त्याच्या जाती होत्या. खार निघणार ऐन उन्हाळ्यात आणि पावसात भिजला तर विरघळणार, त्यामुळे आगोटीच्या आत तो गावाबाहेर पडलाच पाहिजे. तो वाहायचे लमाणांचे तांडे. बैलाच्या दोन्ही अंगांना गोण्या लादायच्या आणि चालू लागायचं. त्या वाहतुकीला सडक लागत नाही, पूल लागत नाही. बैल नाल्यात उतरतो आणि पलीकडे चढतो.

कापसाचंही तेच. वऱ्हाडचा कापूस एकेकाळी लमाणांच्या बैलांवरून शेकडो मैल उत्तरेला गंगेकाठच्या मिर्झापूरला जायचा. वाटेत अवकाळी पावसाने गाठलं की काळी रस्ता बंद करायची. कापूस भिजून जड व्हायचा, बैल ओझ्यासकट रुतायचे आणि तिथेच मरायचे. १८२५-२६ मध्ये विकाजी आणि पेस्तनजी या पारशी पेढीने वऱ्हाडातून मुंबईकडे पहिल्यांदा कापूस पाठवला, तो पाचशे बैलांवर लादून. गाड्यांवरून नव्हे. पैसेवाली पेढी, पुढे मुंबईच्या गोदीत उभी असलेली जहाजं, आणि तरीही चाकावर विश्वास नाही. त्या काळच्या आमच्या वाटांबद्दल याहून जास्त सांगायची गरज मला वाटत नाही.

चाकाचं राज्य आलं ते कापसाच्या पैशामुळे. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाड आठवलं. त्याच दशकात जीआयपी रेल्वे वऱ्हाडात शिरली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आला आणि जलंबहून खामगावपर्यंत कापसासाठी टाकलेली छोटी शाखा सुरू झाली. आता मेहकर-लोणारकडच्या शेतकऱ्याला घाट ओलांडून मुंबई गाठायची नव्हती, खामगावचा बाजार गाठायचा होता. तेवढ्यासाठी गाडी पुरेशी होती. लमाणांचा धंदा बसला, तांडे स्थिरावले, आणि गावोगाव सुताराच्या वाकसाला आणि लोहाराच्या भात्याला काम आलं. (लोणारला रेल्वे अजून आलेली नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी माझ्या आजोबांच्याही आधीची आहे.)

आमच्या घरात या काळाच्या गोष्टी आबांच्या तोंडून आल्या. आबा चाक करायचे ते पाच फुटी. तुंबा, म्हणजे चाकाचा मधला गाभा, बाभळीचा, कारण बाभूळ फुटत नाही. आरे आणि कडेचे पुठ्ठे तिवसाचे किंवा बाभळीचे, जे मिळेल ते. आख धावड्याचा किंवा लोखंडी. चाक एवढं मोठं का, हे मी लहानपणी विचारलं तेव्हा आबांनी अंगणातल्या दगडावरून आधी एक लहान फळकूट आणि मग चाक चालवून दाखवलं. मोठं चाक खाचखळग्यात कमी उतरतं आणि चिखलातून कमी जोरात बाहेर निघतं. शिवाय आख उंच राहतो. चाकोरी खोल असते तेव्हा दोन चाकोऱ्यांमधला मातीचा वरंबा आखाला लागता कामा नये. लागला की गाडी त्या वरंब्यावर बसते आणि चाकं नुसती लोंबकळतात.

पण चाकाचा जीव धावेत. चाकाच्या कडेला बसवायची लोखंडी पट्टी म्हणजे धाव, आणि ती चढवायचा दिवस म्हणजे आळीतल्या पोरांना शाळेपेक्षा मोठा. लोहार दोरीने चाकाचा घेर घेत. पाच फुटी चाकाचा घेर पंधरा-सोळा फुटांचा भरतो. पट्टी कापताना ती बोटभर कमीच कापायची. मग तिला वाकवून, सांधा तापवून, घणाने एकजीव करायचं. जमिनीवर गोवऱ्यांचं कडं रचायचं, त्यात धाव ठेवायची, वर आणखी गोवऱ्या. लोखंड लाल झालं की त्याचा घेर इंचाहून थोडा जास्त वाढतो. बोटभर कमी कापलेली धाव आता चाकावर बसते. तीन-चार माणसं लांब सांडशांनी ती उचलायची, आडव्या ठेवलेल्या चाकावर टाकायची आणि घण घालून खाली बसवायची. लाकूड पेट घ्यायचं. आबा ओरडायचे, “पाणी! थांबू नका, पाणी!” घागरीमागून घागर ओतली जायची. वाफ उठायची आणि तिच्यातून चाकाचा आवाज यायचा: धाव आकसताना प्रत्येक आरा तुंब्यात घट्ट बसतो त्याचा कट-कट आवाज. आबा कान देऊन तो ऐकायचे. एखादा आरा बोलला नाही तर तो सैल राहिला हे त्यांना न पाहता कळायचं.

गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न असायचा: गाडी चालणार कुठे? मेहकरच्या सडकेवर खाराच्या किंवा सरकीच्या खेपा मारणाऱ्याला रुंद धाव, दोन-सव्वादोन इंची. ती झिजायला वेळ घेते आणि खडीवर चाक कमी आदळतं. काळीतला शेतकरी मात्र अरुंद मागायचा, दीड इंचाच्या आतबाहेर. त्याचं म्हणणं सरळ होतं. “मिस्तरी, रुंद चाक गाऱ्यावर बसते. मले मुरमाले लागणारं चाक द्या.” अरुंद धाव वरचा चिखल कापून खालचा टणक थर शोधते. तिला माती कमी चिकटते, कारण चिकटायला जागाच कमी. आणि पांदणीतल्या जुन्या चाकोऱ्या अरुंद चाकांनीच पाडलेल्या असतात. त्यात रुंद चाक अडकतं. जिथे काळी पुरुषभर खोल आणि मुरूम हाताला लागतच नाही, तिथे हा हिशोब चुकतो. तिथलं अरुंद चाक बुडतच जातं. म्हणून आबा गिऱ्हाइकाला त्याच्या विहिरीबद्दल विचारायचे: खणताना मुरूम किती हातांवर लागला? विहिरीच्या खोलीवरून धाव ठरवणारा सुतार आता शोधून सापडणार नाही.

या अरुंद धावेचं सरकारशी कधीच पटलं नाही. खडीची सडक म्हणजे दगडांचे तुकडे एकमेकांत दाबून बसवलेले. दहा-बारा क्विंटल भार दीड इंची लोखंडावर आला की तो दगड चिरडतो. तुंबा झिजलेला असेल तर चाक डुगडुगतं आणि दगडाला दोन्ही बाजूंनी कातरत जातं. दगडाची भुकटी होते, उन्हाळ्यात तिचा फुफाटा आणि पावसात चिखल. १९२० नंतर मोटारी वाढल्या तशी त्यांच्या मालकांची तक्रार वाढली. १९२७ मध्ये मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमली गेली. तिने पेट्रोलवर गॅलनमागे दोन आण्यांचा जादा कर सुचवला आणि १९२९ मध्ये त्यातून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. डिसेंबर १९४३ मध्ये देशभरातले मुख्य अभियंते आमच्याच विदर्भात, नागपुरात जमले आणि वीस वर्षांची रस्ते योजना ठरली. तिला आजही नागपूर योजना म्हणतात. राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि ग्रामीण अशी रस्त्यांची उतरंड तिथे पक्की झाली, आणि शेतीप्रधान भागातलं कुठलंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा दूर राहू नये, असं उद्दिष्ट ठेवलं गेलं. चांगलं उद्दिष्ट होतं. पण तो पाच मैलांचा हिशोब गावाच्या वेशीशी संपतो. वेशीपासून शेतापर्यंतच्या पांदणीला त्या उतरंडीत जागा नव्हती. ज्या मातीमुळे शेतकऱ्याला अरुंद धाव लागायची ती माती तशीच राहिली, आणि त्याच धावेने सडक उखडली म्हणून बोल मात्र त्याच्या गाडीला लागला.

उपाय म्हणून रबर पुढे आलं. हवेचं चाक मोटारीपेक्षा जुनं आहे, हे बहुतेकांना माहीत नसतं. रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि १८४७ मध्ये लंडनमध्ये ते घोडागाडीला लावून दाखवलं. रबर महाग होतं, कल्पना विसरली गेली. १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेली नळी बांधली आणि या वेळी ती टिकली. डनलॉपचा हिंदुस्थानातला कारखाना १९३६ मध्ये हुगळी जिल्ह्यातल्या साहागंजला सुरू झाला. बैलगाडीसाठी खास टायर, रिंग आणि आख असा संच कंपनीने बाजारात आणला. सडकेवर त्याचा फायदा निर्विवाद होता. तीच बैलजोडी सडकेवर जवळजवळ दुप्पट माल ओढायची, आणि सडकेला ओरखडा नाही. पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखाने उभे राहिले तशी उसाची डनलॉप गाडी तिथे सरसकट झाली.

आमच्याकडे ती उशिरा आली, आणि त्याची कारणं मी दादांच्या हाताखाली काम करताना रोज पाहिली. पहिलं कारण बाभूळ. आमच्या धुऱ्यांवर बाभळी, पांदणीच्या दोन्ही कडांना बाभळी, कुंपण बाभळीच्या काट्यांचं. लोखंडी धावेला काटा म्हणजे काय हे माहीत नव्हतं. टायरगाडी शेतातून एक खेप करून आली की ट्यूबमध्ये काटे. गावात पंक्चर काढणारा नाही, हवा मारायला पंप नाही. दुसरं कारण उंची. टायरचं चाक पाच फुटी नसतं. ते मोटारीच्या मापाचं, त्यामुळे आख खाली येतो आणि खोल चाकोरीत मधल्या वरंब्यावर गाडी बसते. तिसरं कारण पैसा. धाव सैल झाली तर लोहार धान्यावर पुन्हा चढवून द्यायचा; टायर फाटला तर रोख पैसे काढून मेहकरला किंवा खामगावला जावं लागे. दादांनी त्यावर वाट काढली. ट्रकचे उतरलेले टायर आणायचे, जुन्या ट्यूबचे तुकडे आत अस्तर म्हणून घालायचे, काटा त्यातच अडकावा. सुताराच्या हाताने त्यांनी गाडीची साटी उचलून धरणारी घोडी बनवली, म्हणजे साटीच्या खाली लाकडी ठोकळा, जेणेकरून गाडीचं पोट तरी चिखलाला लागू नये. शेतकऱ्याला टायरगाडी परवडली ती असल्या कारागिरीमुळे. धाव गेली, सडक वाचली, आणि ती वाचवायचा खर्च गाडीवानाने अन् गावच्या मिस्तरीने उचलला.

माझा पुतण्या कॅनडात मॉन्ट्रियलला आहे. तिथल्या पहिल्या हिवाळ्याआधी त्याचा फोन आला. “मोठेबाबा, तुम्ही सगळ्या घरात टायरवाले. मला सांगा, बर्फातले टायर कोणते घेऊ?” मी बर्फ आयुष्यात पाहिलेला नाही, पण प्रश्न ओळखीचा होता. मी त्याला आबांचाच प्रश्न उलटून विचारला: गाडी चालणार कुठे? शहरात मिठाने भिजलेल्या रस्त्यावर, की बाहेर डोंगराकडे, जिथे बर्फ दबून काच होतो? मग आम्ही दोघांनी मिळून अभ्यास केला आणि मला त्यात माझ्या आजोबांची आळी पुन्हा पुन्हा भेटत गेली.

हिवाळी टायरचा इतिहास फिनलंडमधून सुरू होतो. नोकिया नावाच्या गावातल्या रबर कारखान्याने १९३४ मध्ये ट्रकसाठी बर्फात चालणारा टायर काढला. त्याला आडव्या खोल खाचा होत्या, बर्फ त्यात दबावा आणि बर्फानेच बर्फ धरावा म्हणून. १९३६ मध्ये मोटारींसाठीचा ‘हक्कापेलीट्टा’ आला. ते नाव आजही चालतं. आपल्या काळीत याच्या बरोबर उलटं आहे. आपल्या खाचांत माती भरली की ती चिकटून बसते आणि टायर गुळगुळीत होतो, म्हणून ट्रॅक्टरच्या टायरचे लग, म्हणजे रबराचे दात, उंच, तिरपे आणि एकमेकांपासून लांब ठेवतात, माती फेकली जावी म्हणून. बर्फाला मात्र खाच भरलेलीच हवी असते. त्या खाचांशिवाय हिवाळी टायरच्या प्रत्येक ठोकळ्यावर पात्याने कापल्यासारख्या बारीक चिरा असतात. अमेरिकेत जॉन साइप याने १९२३ मध्ये त्यांचं पेटंट घेतलं, आणि असं सांगतात की कत्तलखान्यातल्या ओल्या फरशीवर पाय घसरू नये म्हणून तो आधी बुटांच्या तळव्यांना चिरा पाडायचा. घसरणाऱ्या पायावरून हे सुचलं, यावर मला सहज विश्वास बसतो.

पण खाचांपेक्षा महत्त्वाचं रबर. साधारण ७ अंशांच्या खाली नेहमीच्या टायरचं रबर कडक होत जातं आणि रस्ता धरत नाही. हिवाळी टायरचं मिश्रण असं असतं की ते गोठणाऱ्या थंडीतही नरम राहतं. तोच टायर मे महिन्यात लोणारच्या चव्वेचाळीस अंशांत चालवला तर खोडरबरासारखा झिजून जाईल. म्हणून तिकडे माणसं दोन संच ठेवतात आणि ऋतू बदलला की टायर बदलतात. क्युबेक प्रांतात २००८ पासून हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत, आणि आता ती मुदत १ डिसेंबर ते १५ मार्च आहे. टायरच्या अंगावर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह हवं, म्हणजे तो बर्फावरच्या चाचणीत उतरलेला आहे. नुसतं ‘एम प्लस एस’ हा बनवणाऱ्याचा दावा असतो, त्यावर जाऊ नकोस, असं मी त्याला बजावलं. स्वीडनमध्ये हिवाळी टायरची खोली किमान ३ मिलिमीटर लागते, ऑस्ट्रियात ४. आपल्याकडे मोटारीच्या टायरला कायदा १.६ मिलिमीटरवर थांबतो.

पुढचा मुद्दा खिळ्यांचा आला, आणि तिथे मी फोनवर थांबलोच. खऱ्या बर्फाच्या काचेवर रबर कितीही नरम असलं तरी निभत नाही. तिथे टायरमध्ये धातूचे खिळे बसवतात, टोकाला टंगस्टन कार्बाइडचे. ते बर्फात रुततात. पण बर्फ संपला आणि कोरडा रस्ता लागला की तेच खिळे रस्ता खातात. जर्मनीने १९७५ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली. जपानच्या साप्पोरो आणि सेंदाई शहरांत खिळ्यांनी रस्त्याची एवढी भुकटी उडायला लागली की श्वास घेणं कठीण झालं, आणि १९९० मध्ये तिथे खिळ्यांविरुद्ध कायदा झाला. स्टॉकहोमच्या हॉर्न्सगाटन रस्त्यावर २०१० पासून खिळ्यांच्या टायरला मनाई आहे. हा सगळा आमचाच फुफाटा आहे. लोखंड जमीन धरतं आणि धरता धरता ती फोडतं. आमच्या खडीच्या सडकेवर लोखंडी धावेने जो प्रश्न उभा केला तोच पुढे साप्पोरोच्या नगरपालिकेपुढे आला.

पुतण्याने बिनखिळ्यांचे टायर घेतले. माझ्या सांगण्यावरून गाडीच्या पुस्तिकेत चालणाऱ्या मापांपैकी अरुंद माप घेतलं, कारण भुसभुशीत बर्फातून अरुंद टायर खालच्या रस्त्यापर्यंत लवकर पोचतो. हे मला कुठल्या कंपनीच्या माहितीपत्रकातून कळलं नव्हतं. चारही चाकांना एकाच जातीचे बसवायला लावले. पुढे दोन नवे आणि मागे जुने असं केलं तर गाडीचं मागचं अंग वळणावर निसटतं.

त्याच्या दुसऱ्या फोनमध्ये जे आलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. रात्री बर्फ पडला की पहाटे नगरपालिकेचे नांगर येतात, बर्फ लोटतात, मीठ आणि खडी टाकतात, ट्रकमध्ये भरून बर्फ शहराबाहेर नेतात. कायदा टायर घ्यायला लावतो आणि नगरपालिका रस्ता मोकळा करते. दोघांनी आपापला वाटा उचलायचा.

आमच्याकडे या वाटणीचं काय झालं ते पाहा. समृद्धी महामार्ग आमच्या शेजारच्या मेहकर आणि सिंदखेड राजा तालुक्यांतून गेला. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला. काँक्रीटचा रस्ता, उन्हाळ्याची तापलेली दुपार, तासन् तास एकसारखा वेग. टायर तापून फुटण्याचे प्रकार होऊ लागले आणि २०२३ मध्ये आरटीओने प्रवेशावरच टायर तपासून झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली. ते योग्यच झालं. माझ्याकडे आता माणसं टायरच्या बाजूवरचं बनावटीचं वर्ष वाचून घ्यायला शिकली आहेत, आठवडा आणि साल असे चार आकडे. मी त्यांना सांगतो, खोली दिसते पण वय दिसत नाही, ते वाचावं लागतं. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला बालकृष्ण इंडस्ट्रीजच्या कारखान्यात शेतीच्या यंत्रांचे टायर बनतात आणि युरोपात जातात. म्हणजे तिकडच्या शेतकऱ्याच्या चिखलाचा विचार करणारी माणसं लोणारपासून तीन-चार तासांवर बसलेली आहेत.

पांदणीचा विचार मात्र फार उशिरा सुरू झाला. राज्य सरकारची मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना २०२१ मध्ये आली. नागपूरच्या बैठकीला तोवर अठ्ठ्याहत्तर वर्षं होऊन गेली होती. काम काही अवघड शास्त्र नाही. अतिक्रमण काढून रुंदी मोजायची, दोन्ही बाजूंना पाणी वाहून जाईल असे चर खणायचे, मधली माती फुगवटा देऊन उंच करायची आणि वर मुरमाचा जाड थर दाबायचा. काळीला पाणी मिळालं नाही तर ती फुगत नाही. मेहकरचा मुरूम आणि लोणारचा मुरूम दोन्ही चांगले आहेत. ज्या पांदणी अशा झाल्या तिथे जुलैत माझ्याकडे ट्रॅक्टरच्या टायरची तक्रार येत नाही.

जिथे झाल्या नाहीत, तिथला शेतकरी आता दोन संच ठेवायला लागला आहे. सोयाबीनच्या ओळींतून फवारणीला अरुंद टायर, ओढकामाला रुंद. मागच्या रुंद टायरमध्ये पाऊण भाग पाणी भरून घेतो, वजन वाढावं म्हणून. गेल्या जुलैत एक जण आला, खुरपणीच्या बाया आणि खताच्या बॅगा घेऊन ट्रॅक्टर पांदणीत रात्रभर अडकला होता. त्याला जास्त उंच लगाचे टायर हवे होते. मी त्याला विहिरीबद्दल विचारलं. मुरूम अठरा हातांवर, म्हणाला. त्या खोलीला कुठलाही टायर पोचणार नाही, उंच लग उलट पांदण आणखी खोल उकरतील आणि मागून येणाऱ्या बैलगाडीला वाट राहणार नाही, हे मी त्याला दुकानात बसवून समजावलं आणि टायर विकला नाही. त्याची पांदण ग्रामपंचायतीच्या ठरावात आहे. मोजणी बाकी आहे. अर्जाची प्रत त्याच्याकडे नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर तहसीलमध्ये गेलो.